बसून करायचं काम

खिडकीजवळची खुर्ची रिकामी झाली त्या दिवशी वीज कार्यालयातल्या सात जणांचे गुडघे एकदम दुखू लागले. खरे दुखत होते ते फक्त रीडिंगभाऊंचे. गोठ्यात, माळ्यावर, जिन्याखाली वाकून मीटरचं रीडिंग टिपण्यात त्यांची बावीस वर्षं गेली होती. आता जिना दिसला की त्यांची नजर आधी कठडा शोधायची. ती खुर्ची मिळावी आणि उरलेली नोकरी बसून व्हावी, एवढंच त्यांचं मागणं होतं.

नव्या साहेबांनी मात्र भलतंच काढलं. "आपला भाग आपल्याच माणसांनी पाहिलेला नाही," ते म्हणाले. "रविवारी शोधस्पर्धा. घरची गाडी, सोबत घरचं एक माणूस. यादीतल्या चार गोष्टी चार गावांतून मागून आणायच्या. चारच्या आत जो पहिला येईल, खुर्ची त्याची."

सगळ्यांनी रीडिंगभाऊंकडे पाहून सुस्कारा सोडला. भागातलं प्रत्येक दार त्यांना ठाऊक होतं. प्रत्येक दारालाही ते ठाऊक होते, हे त्या क्षणी कोणाच्या ध्यानात आलं नाही.

रविवारी गाडी बायकोने घेतली, कारण क्लच दाबायचा तर गुडघा हवा. यादी त्यांच्या हातात होती: घोड्याची नाल, कोंबड्याच्या शेपटीचं पीस, जुन्या कुलपाची किल्ली आणि गावातल्या सर्वांत वयस्कर माणसाची सही.

पहिल्या गावात नालबंदाच्या दुकानासमोर ते उतरले. आतला भात्याचा पंखा घुर्र करून थांबला, आणि शेजारच्या गच्चीवरून कोणीतरी काठीने तारेवरचा आकडा काढून घेतला.

"रविवारीसुद्धा, भाऊ?" नालबंदाने विचारलं.

"एक नाल पाहिजे होती."

"नाल? आपल्याकडे तसलं काही चालत नाही." तो नालांच्या ढिगावर बसूनच हे बोलत होता.

"अहो, नाल काय विजेवर चालते?"

"तेच म्हणतोय. काहीच चालत नाही."

शेवटी बायको उतरली आणि दोन मिनिटांत नाल घेऊन आली. "तुम्ही मागे आडवे व्हा," ती म्हणाली. "चादर ओढा अंगावर. मी बघते सगळं."

बेत चांगला होता. फक्त तिचं एक व्रत होतं: रविवारी खोटं बोलायचं नाही. बाकीचे सहा दिवस ती गरजेपुरतं सांभाळून घेई.

दुसऱ्या गावात कोंबड्या पाळणाऱ्या मावशी भेटल्या. "पीस ना? दोन घे की. एकटीच फिरतेस, बाई?"

बायको थोडी घुटमळली. "नाही. हे आहेत मागे."

"दिसत नाहीत ते?"

"चादरीखाली आहेत."

"अगं बाई! आजारी आहेत?"

"नाही. मीटर रीडर आहेत."

मावशींनी पिसं पाठीमागे लपवली. "सापडला मेला! तीन महिने घरात पाऊल नाही, बाहेरूनच अंदाजाने रीडिंग ठोकतोय!"

"तुमचा कुत्रा मोकळा असतो, मावशी!" चादर म्हणाली.

"आज बांधलाय. उतरा खाली."

पिसासाठी त्यांनी मावशींचं रीडिंग घेतलं. तोवर शेजारीण आली, तिच्यामागे तिची जाऊ आली. एकूण नऊ मीटर झाले आणि दोन वाजले.

तिसऱ्या गावात फोन आधीच पोचला होता. 'पांढरी गाडी, बाई चालवते, तो चादरीखाली.' रस्त्यात माणूस नव्हतं. दारं बंद होती, नुकत्याच सुटलेल्या तारा हेलकावे खात होत्या. बायकोने एका दारावर थाप मारताच खिडकी बोटभर उघडली.

"जुन्या कुलपाची किल्ली मिळेल का?"

"किल्ली घ्या, कुलूप घ्या, पेटीसुद्धा न्या. फक्त आत येऊ नका."

चौथ्या गावात सर्वांत वयस्कर आजोबांचं घर रीडिंगभाऊंना पाठ होतं. सुनेने दार अडवलं. "ते नाहीत हो. वारले."

"कोण वारलं गं?" आतून आवाज आला.

आजोबा बाहेर आले. पण वीज कार्यालयाचा कागद वाचल्याशिवाय सही करणार नाही म्हणाले, आणि भिंग मागवून तळाशी छापलेल्या मजकुरासकट सगळा वाचू लागले. तेवढ्यात चार वाजून गेले. सही झाली. खाली त्यांनी स्वतःच्या अक्षरात 'दबावाखाली' असंही लिहिलं.

ते पोचले तेव्हा भांडारपाल खुर्चीत बसून ती पुढे-मागे झुलवून बघत होता. नोकरीभर तो कार्यालयाबाहेर पडला नव्हता. कोणीच ओळखत नसल्यामुळे चारही गावांत त्याला सगळं हसतमुखाने मिळालं होतं, एका घरी जेवणसुद्धा. रीडिंगभाऊ दाराच्या चौकटीला टेकले.

साहेब फोनवर होते. पलीकडून उपकेंद्राचा माणूस घाबरून सांगत होता, "बारा वाजल्यापासून लोड उतरतोय, साहेब. एका गावाचा उतरला, मग दुसऱ्याचा. तारा तपासल्या, सगळं शाबूत आहे."

साहेबांनी गावांची नावं आणि वेळा लिहून घेतल्या. मग हळूच विचारलं, "रीडिंगभाऊ, तुम्ही कोणत्या वाटेने गेलात?"

त्यांनी सांगितलं. कागदावरही तीच वाट होती.

"वीजचोरी पकडायला पथकं पाठवून थकलो हो," साहेब उठून उभे राहिले. "तुम्हाला बसून करायचं काम हवंय ना? दिलं! उद्यापासून ड्रायव्हरसकट कार्यालयाची जीप घ्यायची आणि गावागावातून नुसतं जायचं. उतरायचं नाही, लिहायचं नाही. फक्त काच खाली ठेवा, लोकांना दिसलात म्हणजे झालं."

सोमवारपासून ते रोज नव्वद किलोमीटर नुसते बसू लागले. रस्ते मुरूम-खडीचे होते आणि जीप जुनी. महिनाभरात चोरी निम्म्यावर आली, आणि गुडघे इतके बरे झाले की जिना चढताना कठड्याला हात लागेना.

"पडला ना आराम?" बायकोने विचारलं.

"गुडघ्यांना पडला," ते सावकाश पालथे होत म्हणाले. "तेल घे. कंबर धरलीय."