आसावरीच्या गोळ्या आणि विरजण

डॉक्टरीणबाईंनी आसावरीला प्रोबायोटिकच्या गोळ्या लिहून दिल्या, इथवर सगळं ठीक होतं. महिन्याच्या वेदांतला पाजताना तिच्या स्तनाला सूज येऊन गेली होती. ती पुन्हा येऊ नये म्हणून या गोळ्या. "फायदा होगा ही, ऐसा नहीं. पर नुकसान भी नहीं," असं बाईंनी प्रामाणिकपणे सांगितलं होतं. घोळ घातला तो नवऱ्याने. मानसरोवरच्या घरात पाऊल टाकताच परीक्षितने आईला माहिती पुरवली.

"मतलब, दह्यात असतात ना, तसलेच जंतू."

बाळंतपणासाठी साताऱ्याहून आलेल्या सरोजिनीबाईंनी हातातलं काम बाजूला ठेवलं. "म्हणजे विरजणच की. अन् दुधात विरजण पडल्यावर काय होतं, हे मी सांगायचं व्हय?"

परीक्षित आयटीत होता. विचार करण्याचाच पगार घेत होता. त्याने विचार केला. "आई म्हणते त्यात लॉजिक आहे."

आसावरीने दुर्लक्ष करून गोळी घेतली. दुसऱ्या दिवशी वेदांतने दूध पिऊन ढेकर दिला आणि आजीच्या खांद्यावर पांढऱ्या गुठळ्या टाकल्या.

"लागलं दही," सरोजिनीबाई म्हणाल्या. "आता विरजण उतरेपर्यंत अंगावर पाजायचं नाही."

"आई, सगळीच बाळं टाकतात हो."

"तू किती बाळं वाढवलीस?"

परीक्षित पावडरचा डबा घेऊन आला. दोन दिवस वेदांत आजीच्याच मांडीवर, बाटलीकडे तोंड फिरवून रडला. इकडे आसावरीचं दूध साठून छातीचा दगड झाला आणि ताप एकशे दोनवर गेला. पोराचं रडणं ऐकून तिला भिंतीवर डोकं आपटावंसं वाटत होतं. तिला काय हवंय हे विचारायची मात्र कुणाला गरज वाटली नाही.

तिसऱ्या दिवशी सगळी वरात दवाखान्यात पोचली.

"डॉक्टरजी, इसके दूध का दही जम गया है," परीक्षित म्हणाला.

बाईंनी पेन खाली ठेवलं. "दही बच्चे के पेट में जमता है. हर बच्चे के. आपके भी जमा था. आपने पिलाना रोका, इसलिए सूजन लौटी." त्यांनी औषध लिहायला घेतलं. "दर्द कितना है? माँ से पूछिए."

परीक्षित सवयीने उजवीकडे वळला. "आई, कितपत दुखत असेल?"

"मध्यम," सरोजिनीबाई म्हणाल्या.

आसावरीने सासूच्या मांडीवरून वेदांतला उचललं आणि ओढणीखाली घेतलं.

"बाहेर थांबा दोघं," ती म्हणाली. "आई इथे बसलीय."