सुगंधाबाईंचा टीव्ही आणि निंबाचा पिक्चर

रविवारचा हिंदी सिनेमा सुरू व्हायला थोडाच वेळ उरला असताना सुगंधाबाईंचा टीव्ही टप्प करून बंद पडला. धरणगावच्या त्या आळीत तेव्हा तेवढा एकच टीव्ही. अंगणात सतरंज्या पसरून झाल्या होत्या, बायका भाकरी लवकर आटोपून आल्या होत्या आणि सुगंधाबाईंचे व्याही खास सिनेमासाठी साक्रीचा रस्ता न धरता मुक्कामाला थांबले होते. त्या काळी हुकलेला सिनेमा पुन्हा कधी दिसेल, काही सांगता येत नसे.

"सुकदेवनानाना पोरेसले बलाव," सुगंधाबाईंनी सांगितलं.

नानांच्या दोन मुलांचं बाजारात रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं. थोरला पितांबर आयटीआयला पहिला आलेला. एक स्क्रू ढिला वाटला तरी अख्खं यंत्र पुन्हा खोलणारा, आणि बोलायचं झालं तर मोजकंच. धाकटा निंबा दहावीला दोनदा नापास. त्याच्याशी गप्पा मारून गिऱ्हाईक इतकं खूश होई, की दुरुस्तीला आणलेला रेडिओ तसाच काखेत घेऊन घरी जाई. नानांनी त्याच सकाळी त्याला बजावलं होतं, "आज तोंड उघडलंस तर उद्यापासून रावेरला, मामाच्या केळीच्या बागेत."

म्हणून सुगंधाबाईंच्या अंगणात निंबा मुकाट्याने बॅटरी धरून उभा राहिला. शेजारीच खाटेवर नाना.

पितांबरने टीव्हीची पाठ उघडली. जळालेली वायर लगेच सापडली, जोडलीही. पण तिच्या शेजारचा सोल्डरिंगचा टाका त्याला कच्चा वाटला. तो काढला, तर त्यामागचा बरा दिसेना. टॉवेलवर सुट्या भागांची गर्दी वाढू लागली.

"पितांबर, अजून किती वेळ?" सुगंधाबाईंनी विचारलं.

"सांगता येत नाही."

खोटं आश्वासन देणं त्याला जमत नसे. माणसं चपला शोधू लागली. व्याही जांभई देत म्हणाले, "आमनाकडला टीव्ही असा नही करस." सुगंधाबाईंनी पदर डोळ्यांना लावला.

निंबाला ते बघवेना. "हा पिक्चर मी जळगावला पाहिलाय," तो बोलून गेला. "सांगू का?"

नानांनी डोळे वटारले, पण चपला जागीच थांबल्या होत्या. निंबाने सुरुवात केली. हिरोच्या बापाचा जिनिंगचा कारखाना, व्हिलनने कापसाच्या गंजीला लावलेली आग, आईला वाचवताना हिरोचे गेलेले डोळे. बायका मुसमुसू लागल्या. व्याही सरकत पुढे आले. निंबा पाणी प्यायला थांबला तेव्हा खाटेवरून घोगरा आवाज आला, "मंग काय व्हयनं?"

विचारणारे नाना होते.

तेवढ्यात टीव्ही लागला. इतकं स्वच्छ चित्र त्या आळीने कधी पाहिलं नव्हतं. आणि त्या स्वच्छ चित्रात हिरो गाणं म्हणत मोटार चालवत होता.

सगळ्यांनी आधी टीव्हीकडे, मग निंबाकडे पाहिलं.

"आंधया मानूस मोटर कशी चालाडी राहिना?" सुगंधाबाई म्हणाल्या. "पितांबर, टीव्ही अजून बिघडेल शे."

"बराच बिघडेल शे," टीव्हीच बिघडलेला असल्याचा व्याह्यांनीही दुजोरा दिला.

निंबा मान खाली घालून उभा होता. त्याने जळगावला त्या सिनेमाचं फक्त पोस्टर पाहिलं होतं. पितांबरने भावाकडे पाहिलं, मग आपल्या हातच्या त्या झकास चित्राकडे पाहिलं. क्षणभर त्याचा जीव तुटला. मग त्याने बटण बंद केलं.

"एक वायर राहिली वाटतं," तो म्हणाला आणि स्क्रू ड्रायव्हर घेऊन टीव्हीमागे जाऊन बसला.

निंबाने गोष्ट पुढे नेली. बराच वेळ टीव्हीमागे काहीच खुडबुड ऐकू आली नाही. मग तिथून हळूच विचारणा झाली, "निंबा, ती आई आगीतून बाहेर आली कशी? तेवढं मला नीट ऐकू नाही आलं."