एका पानाला तासभर गारवा

रामटेकेभाऊ कोणाच्याही घरी गेले की माणसांच्या आधी बटनांची विचारपूस करतात. "जय भीम" म्हणत आत येतील, खुर्चीकडे ढुंकूनही पाहणार नाहीत, थेट मागच्या खोलीत जाऊन तिथे उगाच फिरणारा पंखा बंद करतील आणि मगच निवांत बसतील. एकदा आमच्या न्हाणीघरातला दिवा त्यांनी बाहेरून बंद केला. आत माझे यजमान होते, अंगाला साबण लावून. आतून जो आरडाओरडा झाला तो ऐकून भाऊ शांतपणे म्हणाले, "दिवसा उजेड असते ना साहेब, खिडकी उघडा." आमच्या न्हाणीघराची खिडकी रस्त्यावर उघडते.

भाऊंची सगळी नोकरी चंद्रपुरात वीज केंद्राच्या बॉयलरपाशी गेली. रिटायर झाल्यावर माणसं देवधर्माला लागतात, भाऊ आमच्या गल्लीतल्या विजेला लागले. "जिंदगीभर मीच कोळसा जाळला, मॅडम," ते मला सांगत. मी शाळेत शिकवते, म्हणून सगळ्या गल्लीची मॅडम. "आता दुसऱ्याईले जाळू देत नाई. हवा काही कोनाच्या बापाची नाई!" हे शेवटचं वाक्य ते दिवसातून इतक्यांदा म्हणत की गल्लीतली पोरं क्रिकेट खेळताना आऊट झाल्यावरही तेच म्हणू लागली.

बायको गेल्यापासून भाऊ एकटेच. मुलगा पुण्यात, त्याला एक मुलगी, चिमू. मागच्या मे महिन्यात ती आजोबांकडे आली आणि आमच्या उन्हाने तिच्या नाकातून रक्त आलं. अंगभर घामोळ्या उठल्या, रात्रभर रडली आणि दुसऱ्याच दिवशी परत गेली. सून भली बाई, पण तिने स्पष्ट सांगितलं, "बाबा, आधी एसी बसवा, मग येऊ." भाऊंनी फोनवरच तिला भाषण दिलं, की एसी घर गार करतो आणि गाव तापवतो. भाऊ फोनवर बोलतात ते सगळ्या गल्लीला ऐकू जातं, त्यामुळे भाषणानंतर भाऊ नुसतं 'हॅलो, हॅलो' करत राहिले तेही सगळ्या गल्लीने ऐकलं.

गल्लीला विजेचा डीपी, म्हणजे ट्रान्सफॉर्मर, एकच. एसी वाढले तसा हा डीपी दर उन्हाळ्यात भर दुपारी मान टाकायचा. नवा डीपी मंजूर आहे. आमच्याकडे मंजूर आहे याचा अर्थ, विचारू नका. अशात भाऊंनी पेपरात कार्बनच्या बाजाराची बातमी वाचली. सरकार म्हणे कारखान्यांना धुराची मर्यादा आखून देणार, ज्याचा धूर कमी तो आपला उरलेला वाटा जास्तवाल्याला विकणार. झालं! त्याच संध्याकाळी विहाराच्या ओट्यावर गल्लीची सभा भरली.

"दर हप्त्याले घरटी सारखे पानं भेटतीन," भाऊंनी जाहीर केलं. "एका पानाले एक तास एसी. कूलर-पंख्याले पान नाई. ज्याचे उरले त्यानं दुसऱ्याले द्यावं अन् बदल्यात पाहजे ते घ्यावं."

पान म्हणजे विडीचं, तेंदूचं पान. भाऊंच्या घरचे मूळचे तेंदू तोडणारे; बहीण अजून धानोऱ्याला तेच करते, तिच्याकडून पुडे आले. एसी लावला की पान दारावरच्या खिळ्याला अडकवायचं आणि संध्याकाळी भाऊंनी ते काढून न्यायचं.

विरोधी पक्षनेते बंडूभाऊ कोतपल्लीवार. त्यांचं एसी-कूलरचं दुकान, आणि घरात तीन एसी. ते उसळलेच. "कोळसा आमचा, राख आमच्या नाकात, अन् पंखा मुंबईचा फिरते! आमीच काऊन गरमीत मराचं? आधी तिकडच्याईले पानं वाटा!"

हे मात्र खरं होतं. भाऊंनीही मान हलवली. "त्याईची गल्ली ते पाहतीन," ते म्हणाले, "आपला डीपी तं आपूनच उडवतो ना?"

मग बंडूभाऊंनी दुसरा मुद्दा काढला. ज्यांचे एसी जुने, त्यांना पानं जास्त हवीत, कारण त्यांना गारव्याची सवय आहे. हा मुद्दा फेटाळला गेला तेव्हा त्यांनी दारात कडुनिंबाचं रोप लावलं आणि त्याबद्दल जादा पान मागितलं. भाऊ पान द्यायला निघाले तोवर रोप बकरीने खाल्लं होतं. बंडूभाऊंचं म्हणणं, लावताना झाड होतं ना, मग पान द्या. बकरीचं बकरीला विचारा.

पण बाजार चालला. खरी बाजी मारली ती मंजुळाबाई शेंडेने. ती तलावाची मासोळी विकते, घरात एक पंखा, तोही मनात आलं तर फिरतो. एसीवाली सगळी मंडळी तिच्या दारात उभी राहू लागली. बंडूभाऊंनी तिला पानाच्या बदल्यात दुकानाच्या फ्रीजरमधल्या बर्फाचा रोजचा रतीब लावून दिला. तिची मासोळी आता दुपारपर्यंत ताजी राहू लागली. मी आंब्याचं लोणचं दिलं, तर तिने बरणीत बोट घालून चव घेतली आणि म्हणाली, "मीठ जरा कमी हाय, मॅडम. अर्धंच पान होते." आयुष्यात एवढा अपमान माझा शिक्षणाधिकाऱ्यानेही केला नव्हता. अर्धं पान घेतलं मुकाट्याने. गरजवंताला अक्कल नसते म्हणतात, ते उन्हाळ्यात तर फारच खरं.

एक घोटाळा झालाच. बंडूभाऊंच्या म्हाताऱ्या वडलांनी खिळ्यावरचं पान काढून त्याची विडी वळली आणि ओढली. धूर कमी करायच्या पानाचाच धूर! त्यानंतर अर्ध्या पानाचे सौदेही बंद झाले, कारण भाऊंनी नियम कडक केला. पान अख्खं पाहिजे. फाटलं, चुरलं, जळलं, तर हक्क गेला.

डीपी त्यानंतर एकदाही उडाला नाही. बंडूभाऊंच्या मते हे श्रेय लाईनमनचं.

एक गोष्ट मात्र सगळ्यांना खटकत होती. भाऊंच्या वाट्याची पानं कुणालाच मिळत नव्हती. घरात एसी नाही, कूलरसुद्धा लावत नाहीत, दुपारभर ओला दुपट्टा डोक्यावर घेऊन बसतात आणि मागितलं तर "शिल्लक नाई" म्हणतात. "बुढा काळाबाजार करून राह्यला," बंडूभाऊ छातीठोकपणे सांगू लागले. मीही मान डोलावली होती, कारण मला पानं हवी होती.

आणि मग एका सकाळी बंडूभाऊंच्याच दुकानाची गाडी भाऊंच्या दारात थांबली आणि त्यातून एसी उतरला.

गल्लीला एवढा आनंद दिवाळीतही होत नाही. बंडूभाऊंनी स्वतः शिडीवर चढून एसी बसवला आणि फुकटात पेढे वाटले. संध्याकाळी सभा भरली. भाऊ उभे राहिले, नजर खाली. "चिमू येऊन राह्यली," ते म्हणाले. "परवा. आठ दिवस. मी पह्यल्या दिवसापासून माह्ये पानं जमा करून ठेवले. नियमात हाय."

त्यांनी घरून पत्र्याची पेटी आणून ओट्यावर ठेवली आणि उघडली. पानं त्यांनी माळ्यावर, छपराच्या तापलेल्या पत्र्याखाली ठेवली होती. आत नुसता चुरा होता. भाऊंनी हात घातला, तो चुरा बोटांतून खाली गळला.

"अवं बाप्पा," मंजुळाबाई म्हणाली, "तेंदूवाल्याच्या घरचे ना तुमी? पानावर पानी शिंपडा लागते, येवढं नाई समजत?"

बॉयलरच्या नोकरीत तेवढं विसरले होते. कुणी हसलं नाही. मीच म्हणाले, "भाऊ, चुरा तर चुरा, पानं तुमचीच आहेत. चालवा एसी."

"नाई मॅडम. नियम मंजे नियम." त्यांनी पेटी बंद केली. "पोराले फोन करून सांगतो, यंदा नोका येऊ."

हे ते नेहमीच्या आवाजात बोलले नाहीत. पहिल्यांदाच असं झालं की भाऊ बोलले आणि मागच्या रांगेला ऐकू गेलं नाही.

मंजुळाबाई उठली. ओल्या फडक्यात बांधलेली आपली सगळी पानं तिने पेटीवर ठेवली. भाऊ मागे सरले. "फुकट घेत नाई मी. बदल्यात का देऊ?"

"पोरीले सांजच्याले माह्या दारात खेळाले धाडा," ती म्हणाली. "माह्ये नातवं वरोऱ्याले रायतात. दार सुनं वाटते."

मग मी माझी दिली. बंडूभाऊंनी दिली, वर म्हणाले, "अन् एसीची सर्व्हिस माह्याकडून." भाऊ एकेक पान हातात घेऊन अख्खं आहे का ते तपासत होते. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तपासणी चालूच होती.

चिमू आली. तिसऱ्या दिवशी दुपारी मी शेवया द्यायला गेले. बाहेर अंगाची लाही होत होती. भाऊ आत नव्हते. बाहेरच्या व्हरांड्यात, एसीचा गरम वारा सुटतो तिथेच, खिडकीला लागून स्टूलावर बसले होते. दुपट्ट्याने काचेवरची कोळशाची धूळ पुसत होते.

"भाऊ, इथे काय करता? आत बसा ना."

"श्श, झोपली हाय," ते कुजबुजले. "आत जाचं तं दार उघडा लागते. गार हवा निंघून जाते."

"अहो, पण नात तुमची ना? एवढं करून तुम्ही बाहेर?"

"इथून दिसते ना," भाऊ म्हणाले आणि मलाही दिसावं म्हणून स्टूलावर थोडे सरकले. काचेच्या पलीकडे ती पोर आजीची चादर गळ्यापर्यंत ओढून गाढ झोपली होती. भर मे महिन्यात, चंद्रपुरात, चादर! शेवयांचं पातेलं मांडीवर घेऊन मी त्यांच्याशेजारी टेकले.