तेरदाळे फोटोंना नावं ठेवतो

दिगंबर तेरदाळे फोटोंना नावं ठेवतो. म्हणजे टीका नव्हे, खरोखर नावं ठेवतो. माझ्या मुलीच्या वाढदिवसाचे फोटो मी ऑफिसच्या ग्रुपवर टाकले, तर पठ्ठ्यानं प्रत्येकाचं बारसं करून परत पाठवले. ‘केक सोडून फुग्याकडे बघणारी ईरा.’ वर मलाच सांगतो, “सर, नुसता नंबर असलेला फोटो मुका असतोय बघा.”

मोहालीत आमचं वेबसाइट बनवायचं ऑफिस आहे. मी नागपूरचा, इथे नऊ वर्षं मुरलेला. हा जयसिंगपूरचा, येऊन जेमतेम वर्ष झालेलं. वेबसाइटवर फोटो चढवताना त्याच्यामागे एक ओळ लिहायची असते. एरवी ती कुणाला दिसत नाही, पण फोटोत काय आहे हे सर्च इंजिनला त्या ओळीवरून कळतं. हे काम माझं होतं. चंदीगडच्या सेक्टर सतरातल्या एका फुलकारीच्या, म्हणजे पंजाबी भरतकामाच्या, दुकानासाठी मी दणकून लिहिलं होतं: ‘फुलकारी दुपट्टा, बेस्ट फुलकारी, चंदीगड फुलकारी.’ सर्चमध्ये माझे दुपट्टे चौथ्या पानावरून हलले नाहीत.

मग आमच्या बॉस अरोरा मॅडमनी ते तेरदाळेला दिले. त्यानं एकाच दुपट्ट्यासमोर अर्धी सकाळ घालवली आणि हिंदीत लिहिलं, ‘लाल दुपट्टा, पिवळ्या रेशमाची दाट फुलं, एक टोक खुर्चीवरून खाली आलेलं.’ फोटोंच्या फाइलींचं वजनही त्यानं असं उतरवलं की पान चटकन उघडायला लागलं. काही आठवड्यांत त्याचे दुपट्टे पहिल्या पानावर.

“तेरदाळेजी तो कमाल हैं,” अरोरा मॅडम म्हणाल्या. नऊ वर्षांत माझ्या नावाला ‘जी’ लागलं नव्हतं.

त्या दिवसापासून मला त्याच्या डब्याचा वाससुद्धा सहन होईना. मी गुपचूप त्याची नक्कल करायला लागलो. ‘सुंदर हिरवा दुपट्टा,’ मी लिहिलं. हा मागून वाकून म्हणाला, “सर, सुंदर म्हणजे नेमकं काय दिसतं?”

“तुला कामं नाहीत का?” मी म्हणालो.

याच्याकडे काहीतरी युक्ती असणार, अशी माझी खात्री झाली. एका रविवारी बायकोनं दिलेल्या गोड्या मसाल्याचं निमित्त करून मी पंचकुल्याला त्याच्या घरी गेलो. दार उघडंच होतं. तेरदाळे लॅपटॉपसमोर बसला होता, शेजारी फोन स्पीकरवर.

“उजेड कुठनं येतोय?” फोनमधून एका म्हाताऱ्याचा आवाज आला.

“डावीकडनं, बाबा. खिडकीतला.”

“मग ते लिही की.”

त्यानं ओळ खोडून पुन्हा लिहिली. मग मी दिसलो, तसा ओशाळला. “वडील,” तो हळूच म्हणाला. “गावात फोटो स्टुडिओ होता त्यांचा. चार वर्षं झाली, दिसायचं बंद झालंय. मोबाइल वेबसाइट वाचून दाखवतो त्यांना. फोटो आला की मागची ओळ वाचतो. तेवढंच त्यांना दिसतं.”

मी माझ्या वडिलांना फोन करतो तो गोळ्या घेतल्या का विचारायला. मला तिथेही हेवाच वाटला.

“कोण आलंय रे?”

“ऑफिसातले सर आहेत, बाबा.”

“कसे दिसतात?”

मी अवघडलो. तेरदाळेनं माझ्याकडे नीट पाहिलं, घाई न करता.

“उंच आहेत. पुढचे केस विरळ. हातात पिशवी आहे, आणि उंबऱ्यातच उभे आहेत. मी बसा म्हटलं नाही अजून.”

“मग म्हण की,” बाबा म्हणाले.

मी चपला काढल्या.