धबधब्याकडे पाठ

लोकांना धबधबा दाखवायला नेणारा एक माणूस सहा पावसाळे त्या धबधब्याकडे पाठ करून उभा राहिला. ज्या दिवशी तो पहिल्यांदा वळला, त्या दिवशी आम्ही एका माणसाला डोंगरावर विसरून आलो. यातला पहिला भाग सातारा स्टँडवर कुणालाही विचारा, हसत हसत सांगेल. दुसऱ्या भागातलं ‘आम्ही’ मात्र खोटं आहे. विसरलो मी. हे आजवर कुणालाही सांगितलेलं नाही, बायकोलासुद्धा नाही.

मी चौगुले. सांगलीकडचा जैन, नोकरीसाठी साताऱ्यात आलो आणि ड्रायव्हर म्हणून राहिलो. पावसाळ्यात आमच्या मालकाची वीस सीटची मिनीबस ‘अर्ध्या दिवसात ठोसेघर’ अशी पाटी लावून निघते. सकाळी साडेसातला स्टँडसमोरून सुटायचं, बोगदा, सज्जनगडाचा पायथा, घाट, धबधबा, मक्याचं कणीस, आणि दीडला परत. गाडी मी हाकायची आणि माणसं हाकायची आबांनी.

आबा म्हणजे फौजेतले रिटायर्ड हवालदार धोंडिराम विरकर. म्हसवडच्या पलीकडच्या एका वाडीचे, घरात पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं. टँकरचा हॉर्न वाजला की शाळा आपोआप सुटते, अशी ती वाडी. तिथला माणूस धबधब्याचा गाईड व्हावा हीच एक गंमत होती. मालकानं त्यांना घेतलं ते आवाज आणि शिट्टी बघून. माहिती सांगणं हे आबांच्या लेखी कामात बसतच नव्हतं.

“ह्यो धबधबा. वरनं येतो, खाली जातो. कठड्याला टेकायचं न्हाई. पंधरा मिन्टं हायती, त्यातलं एक ग्येलं.”

“आबा, उंची किती असेल हो?”

“उडी मारून वर येऊन कुनी सांगितलेलं न्हाई.”

हे सगळं धबधब्याकडे पाठ करून. लोक दरीकडे तोंड करून ‘अहाहा’ करत असायचे आणि आबा लोकांकडे तोंड करून घड्याळ बघत असायचे. पाण्याचा हिशेब मात्र चालूच. “फोटू काढस्तवर चार टँकर ग्येले बघा. ह्यो पाचवा.” एकदा पुण्याच्या एका बाईंनी विचारलं, “पण तुम्ही तर बघतच नाही, मग कळतं कसं?” आबा म्हणाले, “आवाजावरनं. टँकरचा आवाज आमाला झोपेत बी वळकतो.”

त्या माणसाच्या पायाला भिंगरी होती. गाडीत केबिनमध्ये माझ्या शेजारची सीट त्यांच्यासाठीच असायची, पण सहा वर्षांत ते तिच्यावर टेकलेले मी पाहिले नाहीत. दारात उभे, नाहीतर मधल्या वाटेत येरझाऱ्या. चहासुद्धा चालत चालत प्यायचे, त्यामुळे त्यांचा कप परत करायला टपरीवाल्याकडे मला जावं लागे. घाटात गाडी थांबली की खाली उतरून टायरला लाथ मारून यायचे. “आबा, बसा की जरा,” म्हटलं की उत्तर ठरलेलं, “बसलेला मानूस गिनतीत चुकतो गड्या.”

गिनती हा त्यांचा श्वास होता. गाडी सुटायच्या आधी तीनदा. आणि आकडे नाहीत, माणसं मोजायची. सकाळी पहिल्या पाच मिनिटांत ते प्रत्येकाला मनातल्या मनात नाव देत आणि परतताना ते मोठ्यानं म्हणत, “लाल टोपी. खोकला. भांडकी जोडी. डबा. मोबाइल. दुसरा मोबाइल. जावईबापू.” एकदा एक गृहस्थ तावातावानं उठले, “खोकला कुणाला म्हणता हो?” आणि पुढचं बोलण्याआधी त्यांना जी ढास लागली, ती बोगद्यापर्यंत थांबली नाही.

मी एकदा म्हणालो, “आबा, वीस सीटा, वीस माणसं. सीट मोकळी दिसली न्हाई की झालं. एवढा खटाटोप कशाला?”

“आकडा खोटं बोलतो, चौगुले. तोंड बोलत न्हाई. एकदा बर्फात आमची गिनती एकानं कमी आल्ती.” एवढं बोलून ते टायरला लाथ मारायला उतरले. 

एकदा माझ्या पुतणीच्या लग्नाला आबा सांगलीला आले होते. दादाची हळदीची पेढी, लग्न घरच्याच गोडाऊनसमोर मांडवात. शेवटची पंगत बसली आणि आबा माझ्या कानाशी आले. “चौगुले, नवऱ्याकडचं एक मानूस कमी हाय. सकाळी धोतर व्हतं, आता न्हाई.” मी म्हटलं असेल कुठं तरी. हा माणूस जेवणावरून उठला आणि शोधायला गेला. नवरदेवाचे मामा गोडाऊनमध्ये हळदीच्या पोत्यांमागे गाढ झोपलेले सापडले. उठून आले ते नवरदेवापेक्षा पिवळे. वऱ्हाड पोट धरून हसलं. आबा मात्र हसले नाहीत. “पुरे,” म्हणाले, आणि मग कुठे जेवले. गिनती जुळली की ते ‘पुरे’ म्हणायचे, आणि तो शब्द ऐकल्याशिवाय मी कधी गिअर टाकला नाही.

सज्जनगडाच्या पायथ्याशी मोबाइलला रेंज येते. तिथं रोज त्यांचा घरी फोन. आवाज दोन्हीकडून मोठा, त्यामुळे सगळी बस ऐकायची. पलीकडून गजराकाकी.

“पाऊस हाय का तितं?”

“हाय की.”

“मग हिकडंच का न्हाई?”

“आता त्ये काय माज्या हातात हाय व्हय?”

“आन् त्यो तुमचा धबधबा? पडतोय अजून?”

“पडतोय.”

“एवढं पानी पडतंय आन् कुनी भरून घेत न्हाई? उगा कायबी सांगू नगा मला.”

काकींचा धबधब्यावर विश्वासच नव्हता. नवरा साताऱ्यात काहीतरी दुसरंच काम करतो आणि लाजेनं धबधबा सांगतो, अशी त्यांची समजूत. “येऊन बघ की एकदा,” असं आबा सहा वर्षं म्हणत होते आणि काकी सहा वर्षं एकच विचारत होत्या, “मेंढरं कुनाकडं ठिवू?”

एकदा घाटात मी विचारलं, “आबा, खरं सांगा. तुम्ही का बघत नाही?”

“डूटीवर मानसांकडं बघायचं असतं.”

“एकदासुद्धा नाही?”

ते दारातून बाहेर बघू लागले. मग म्हणाले, “एकट्यानं बघायचं न्हाई ठरवलंय,” आणि लगेच कारण नसताना शिट्टी मारली. मागं झोपलेले तिघे दचकून उठले.

गेल्या भाद्रपदात काकी आल्या. जावेनं एक दिवस मेंढरं सांभाळायचं कबूल केलं होतं. मुक्कामाची एसटी, मग पहाटेची दहिवडी गाडी, असं करत नऊवारी सावरत त्या स्टँडवर उतरल्या तेव्हा हातात पाच लिटरचा रिकामा कॅन होता. आबांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि नेहमीपेक्षा दुप्पट येरझाऱ्या चालल्या होत्या. मालकाला विचारून केबिनची सीट काकींना दिली. गाडी वीस पॅसेंजरांनी भरलेली. काकी एकविसाव्या.

ठोसेघरला धुकं होतं. हातभर पुढचं दिसेना, नुसता आवाज. मी एरवी गाडी सोडत नाही, पण त्या दिवशी मीही मागोमाग पायऱ्या उतरलो. काकी कठड्याला धरून उभ्या. आबा सवयीप्रमाणे दरीकडे पाठ करून, बायकोच्या तोंडाकडे बघत. तेवढ्यात वारा आला आणि धुकं फाटलं.

काकींनी पदर तोंडाला लावला. आबांनी त्यांचं तोंड नीट बघून घेतलं, आणि मग वळले.

दोघं शेजारी शेजारी किती वेळ उभी होती कोण जाणे. घड्याळ बघणारा माणूस आज घड्याळ बघत नव्हता. शेवटी काकी म्हणाल्या, “आन् ह्ये कुनी बंद करत न्हाई व्हय?”

आबा हसले. मी त्यांना हसताना पहिल्यांदा पाहिलं. खालचा एक दात नव्हता, हे मला सहा वर्षांनी कळलं.

पंधरा मिनिटांची पस्तीस झाली. मीच हॉर्न दिला. पायऱ्यांच्या कडेच्या ओहोळात काकींनी कॅन भरून घेतला, आणि एका हातात कॅन, दुसऱ्या हातात बायकोचा हात असे आबा वर आले. काकी भिजून कुडकुडत होत्या. मागच्या एका बाईंनी हाक मारली, “काकी, इथं या, जागा आहे. केबिनमध्ये वारं लागेल.” आबांनी त्यांना तिथं बसवलं, खांद्यावरचा टॉवेल दिला, खाली वाकून त्यांचे पाय पुसू लागले. मध्येच केबिनपाशी येऊन माझ्या कानाशी म्हणाले, “गड्या, आज गिनती तू घे,” आणि परत काकींपाशी गेले.

सहा वर्षांत पहिल्यांदा.

मी आरशात बघितलं. मागची एकही सीट मोकळी नव्हती. मी म्हणालो, “पुरे.”

मोजलं नाही. का नाही मोजलं याचं मोठं कारण असतं तर बरं झालं असतं. मला भूक लागली होती. एवढंच.

सज्जनगडाच्या पायथ्याशी चहाला थांबलो. आबांचं तोंड सवयीनं चालू झालं. “लाल टोपी. डबा. मोबाइल. छत्री...” थांबले. पुन्हा पहिल्यापासून म्हणाले. “छत्री कुटं हाय?”

छत्री म्हणजे एक रिटायर्ड मास्तर, एकटेच आलेले. त्यांच्याच मोकळ्या जागेवर आम्ही काकींना बसवलं होतं.

आबांनी माझ्याकडे बघितलं. एकदाच. मी टायरकडे बघितलं.

गाडी परत वर वळवली. आबा पहिल्यांदा केबिनच्या सीटवर बसले, दोन्ही हात गुडघ्यावर. मास्तर कठड्यापाशीच होते, धुक्यात छत्री उघडून, सुखरूप, पण गारठलेले आणि संतापलेले. फोनला रेंज नाही, आसपास चिटपाखरू नाही, तासाच्या वर उभे. त्यांचा राग खरा होता. त्यांनी साताऱ्यात उतरल्या उतरल्या मालकाचं ऑफिस गाठलं.

ऑफिस म्हणजे एक खोली. काकी बाहेर बाकावर, मांडीवर कॅन. मास्तर तक्रार करून गेले होते; आत मालक, आबा आणि मी. दार उघडंच.

मालक म्हणाले, “गिनती कुणी घेतली?”

“माझीच गिनती व्हती,” आबा म्हणाले, अगदी ताठ, परेडला उभं राहावं तसे. “डायवरचं काम गाडीचं.”

“लक्ष कुठं होतं तुमचं?”

“बायकू आल्ती. धबधबा बघत व्हतो.”

मालकांनी माझ्याकडे बघितलं. “चौगुले, असंच झालं का?”

मी हातातली किल्ली बघत म्हणालो, “हो.”

माझ्याकडे कारणं होती. ती इथं लिहीत नाही, कारण आबांकडेही होती.

मालक वाईट माणूस नाही. पण ऐन सीझनमध्ये माणूस डोंगरावर राहिला म्हटल्यावर कुणालातरी जावं लागतं. आबांनी शिट्टी गळ्यातून काढून टेबलावर ठेवली. बाहेर आलो तर काकी उठून उभ्या. आबांना म्हणाल्या, “म्या आले म्हनून झालं ह्ये.”

“न्हाई गं.”

“पायगुन माझा. म्या यायलाच नगं व्हतं.” मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, “भाऊ, माज्यामुळं तुमाला बी तरास.”

त्या वेळी तोंड उघडायचं होतं. दहिवडीची गाडी लागली होती. मी कॅन उचलून गाडीत ठेवायला मदत केली.

त्यानंतर थोड्याच दिवसांत क्षमावाणी आली. आम्ही त्या दिवशी ओळखीच्या प्रत्येकाची क्षमा मागतो, जाणता-अजाणता दुखावलं असेल तर. पूर्वी घरोघरी जाऊन हात जोडायचे. आता मोबाइलवर गुलाबाच्या फुलांचं चित्र, खाली ‘उत्तम क्षमा’, आणि एका बोटात सगळ्यांना. त्यात आबांनाही गेलं. कशाची क्षमा, हे त्या चित्रात लिहायला जागा नसते.

आबांचा आवाजातला मेसेज आला, वाऱ्याच्या घरघरीत, मागं मेंढरं. “चौगुले, गिनती पुरी हाय. खुशाल ऱ्हा.”

मी हसलो, आणि मग गाडी बाजूला घेऊन तो मेसेज पुन्हा ऐकला.

आबा आता वाडीत मेंढरं मोजतात. अधूनमधून मीच फोन करतो. मागच्या वेळी म्हणाले, “हिचं काय कळंना गड्या. त्यो कॅन देवापाशी ठिवलाय. वापरत बी न्हाई, टाकत बी न्हाई. टँकर आठ दिस आला न्हाई तरी हात लावू दिला न्हाई. म्हंती, नवऱ्याची नोकरी खाल्लेलं पानी हाय.”

“तुमी सांगा की त्यांना, तसं काय न्हाई म्हणून.”

“म्या सांगून ऐकती व्हय? तिला वाटतंय, म्या तिची समजूत घालतोय.”

आबांना माझ्याकडून काय ऐकायचं होतं ते त्यांनी विचारलं नाही. मी मेंढरांचं विचारलं. मग त्यांनीच “चला चला” म्हटलं आणि ठेवला.

नवीन गाईड माईकवर छान माहिती सांगतो. धबधब्याकडे तोंड करून. गिनती मी घेतो. तीनदा, मोठ्यानं, नावं ठेवून. परवा एक बाई चिडल्या, “मला ‘पिशवी’ म्हणालात?” मी माफी मागितली. ती मागायला मला सोपं जातं.

आबांनी सगळं तेव्हाच जाणलं होतं आणि सोडून दिलं. गजराकाकींना ते माहीत नाही. दहिवडीची एसटी रोज सकाळी माझ्या मिनीबससमोरून सुटते. त्यांच्या दारात उभं राहून, ‘काकी, त्या दिवशी गिनती माझ्याकडे होती, आणि मी मोजलं नव्हतं’, एवढं सांगणं माझ्याकडून अजून राहिलेलं आहे.