सणसरच्या फटफटीचा प्लग

"बेस्तरवारी डाळजेला माझ्या भावाच्या पोराचं बारसं हाय," ताटात भाकरी टाकता टाकता द्वारकाबाईने सांगून टाकलं. "तोवर तुमची फटफटी चालू झाली, तर मी तिच्यावर बसून येईन. न्हाय झाली, तर शुक्रवारी रामहरीभावजी येऊन घिऊन जातील. मी शब्द दिलाय त्यांना."

तिचा नवरा महिपती हातातला घास तसाच धरून बसला. शेजारच्या मळ्यातल्या रामहरीचा फटफटीवर कधीपासूनचा डोळा होता. त्याला बसून फिरायचं नव्हतं. तिचं इंजिन काढून तो कडबा कापायच्या अडकित्त्याला जोडणार होता. मागच्या लढाईत लष्करात धावलेली ती गाडी महिपतीने पुण्याच्या लिलावातून हौसेने आणली, आणि त्या दिवसापासून द्वारकाबाईने घरात सवत आल्यासारखं तोंड केलं होतं. ती कधी फटफटीला हात लावत नसे. आज ती चक्क बसायचं म्हणत होती. महिपतीला एका घासात सुख आणि धसका दोन्ही गिळावे लागले.

फटफटी आठवडाभर मुकी होती. रस्त्यावरून जाणाऱ्या एका ट्रक डायव्हरने थांबून इंजिनातला प्लग काढला, दोन्ही बाजूंनी निरखला आणि निकाल दिला, "ठिणगीच पडत न्हाय. प्लग गेला. नवा टाका." एवढं सोपं होतं. पण महिपतीने सावळारामतात्यांना बरोबर घेतलं. तात्या गावचे बैल पारखणारे. पायावर किंवा चाकावर चालणारी कुठलीही वस्तू सणसरात त्यांच्या पसंतीशिवाय येत नसे.

बारामतीत सिद्धूच्या दुकानी जुना प्लग नमुना म्हणून ठेवला. सिद्धूने आटे जुळवून तीन प्लग फळीवर मांडले.

"तिन्ही बसतील. ह्यो विलायती, कोरा करकरीत. ह्यो मिलिटरीच्या मालातला, पडून ऱ्हायलेला. आन ह्यो वापरलेला, पण चालू."

तात्यांनी विलायती प्लग उचलला, उन्हात धरला, टिचकी मारली आणि वास घेतला.

"तात्या, बैल न्हाय त्यो," सिद्धू म्हणाला.

"बैल असता तर दात तरी बघितलं असतं," तात्या म्हणाले. "अंगावर चमक हाय. खातंपितं जनावर दिसतंय. हेच घ्या."

घरी आल्यावर महिपतीने प्लग थेट द्वारकाबाईच्या हातात दिला. नांगर असो, मोट असो, नवी वस्तू हळदकुंकवाशिवाय त्यांच्या घरात कामाला लागत नसे. शिवाय त्याचा एक छुपा बेत होता. बायकोने एकदा कुंकू लावलं की फटफटी घरातली झाली, मग रामहरीला कोण विचारतो!

द्वारकाबाईने प्लग देवापुढे ठेवला, पाण्यात हळदकुंकू कालवलं आणि बोट उचललं. "कुठं लावू?"

"तोंडालाच लाव की! ठिणगी तितं पडती म्हणं."

तिने भक्तिभावाने प्लगच्या तोंडाला बोट लावलं. महिपतीने प्लग बसवला आणि किक मारली. मग पुन्हा मारली. मग धोतर वर खोचून मारली. शेवटी चौघांनी गाडी मारुतीच्या देवळापर्यंत ढकलत नेली आणि तशीच परत आणली. फटफटीने हूं की चूं केलं नाही.

"गाडी मिलिटरीची," तात्या विचार करून म्हणाले. "तिला दुसरा चारा मानवत न्हाय. मिलिटरीचाच प्लग आणा."

महिपती एसटीने पुन्हा बारामतीला गेला. या वेळी द्वारकाबाईला वाटलं, मागची पूजा वरवरची झाली. तिने हळदकुंकू घट्ट कालवलं, प्लगचं तोंड नीट भरून काढलं आणि वर अक्षता वाहिल्या. गाडी हलली नाही. मग वापरलेला प्लग आला. त्याच्यासाठी नारळ फोडला, शेजारणी बोलावल्या, कुंकू-अक्षता तर वाहिल्याच आणि नारळाचं पाणीही शिंपडलं. महिपतीने अंगातलं सगळं बळ एकवटून किक मारली. फटफटी ढिम्म.

बुधवारी सांजच्याला रामहरी सुतळी घेऊन आला आणि कुणाला न विचारता इंजिनाची मापं काढू लागला.

"घाई न्हाय," तो म्हणाला. "पर अडकित्त्याला पाया किती घालायचा, ते कळलं पायजे."

महिपती त्याच्या अंगावर धावूनच गेला असता. पण ओट्यावर उभ्या असलेल्या द्वारकाबाईचा चेहरा बघून तो थांबला. तिच्या चेहऱ्यावर जिंकल्याचा आनंद नव्हता.

"गाडीचा दोष न्हाय," ती हळू आवाजात म्हणाली. "तीन डाव हात लावला, तिन्ही डाव वाया गेलं. माझ्या हातालाच यश न्हाय." आणि ती आत निघून गेली.

महिपतीने मनाशी पक्कं केलं. फटफटी गेली तर गेली, पण हे खूळ बायकोच्या डोक्यात राहता कामा नये. रागारागाने त्याने प्लग खोलला, रामहरीला तोही देऊन टाकावा म्हणून. हातात घेऊन बघतो तर प्लगच्या तोंडात हळदकुंकवाचा लाल चिखल बसलेला, मध्ये तांदळाचा एक दाणासुद्धा! डायव्हरचं बोलणं त्याला आठवलं. ठिणगी पडायची जागाच बुजलेली होती, ती पडणार कुठे?

त्याने प्लग रॉकेलच्या बोळ्याने खरवडून पुसला, तार जोडून इंजिनाला टेकवला आणि किक मारली. टच्‌! निळी ठिणगी पडली. तो आत धावला आणि हाताला धरून द्वारकाबाईला बाहेर घेऊन आला.

"हे बघ! ह्यो पुसलेला." टच्‌. "आन ह्यो आधीचा, न पुसलेला." काही नाही.

द्वारकाबाईला उमगलं. तिचा चेहरा आणखी उतरला. "म्हंजी माझ्या कुंकवानंच..."

"तुझ्या कुंकवानं न्हाय गं! तोंडाला लाव म्हणून कोण म्हणालं? मीच की! तुझ्या हाताला लई यश हाय. म्या खुळ्यानं ते भलत्या जागी लावाय लावलं."

द्वारकाबाईने त्याच्या हळदकुंकवाने माखलेल्या बोटांकडे बघितलं. मग तिला हसू फुटलं. तोंडाला पदर लावला तरी ते आवरेना. महिपतीने प्लग बसवून किक मारली, आणि फटफटीने असा आवाज काढला की रामहरी सुतळीसकट मागच्या गोवऱ्यांत जाऊन बसला.

गुरुवारी द्वारकाबाई एका बाजूला पाय सोडून बसली, डोळे गच्च मिटून. सणसर मागे पडेपर्यंत तिने तीन देवांना नवस बोलले. भिगवणच्या अलीकडे तिने एक डोळा उघडला. हमरस्ता लागल्यावर तिने नवऱ्याच्या पाठीत बोट टोचलं, "त्या एसटीच्या म्होरं काढा की!" एवढ्या वर्षांच्या संसारात इतकं गोड टोचणं महिपतीला आठवत नव्हतं. डाळजेत माहेरच्यांनी बाळाआधी फटफटी बघितली.

शुक्रवारी सकाळी रामहरी दोर घेऊन दारात हजर. शब्द तो शब्द, आणि कोण जाणे, गाडी वाटेत बंद पडलीही असेल.

द्वारकाबाई लुगडं चापूनचोपून नेसून बाहेर आली. "चला, बारामतीला जायाचं."

"कशाला?" महिपतीने विचारलं.

"प्लग आणाय. जादा एक घरात असावा."

"अगं, जादा दोन हायेत की! पुसून ठिवलेत."

"ते तुमी आन तात्यांनी वास घिऊन निवडलेत. ह्या खेपेला मी निवडणार." आणि ती मागच्या सीटवर जाऊन बसलीसुद्धा.

रामहरीने खाकरून विचारलं, "वैनी, मग मी ह्यो दोर..."

"दोर ठिवा तितंच," द्वारकाबाई पदर खोचत म्हणाली. "आन जरा मागनं ढकला भावजी. सकाळच्या गारठ्यात लवकर चालू हुईत न्हाय आमची गाडी."

रामहरीने दोर ओट्यावर ठेवला आणि ढकलायला सुरुवात केली.