उभ्या बाईचा रक्तदाब

माणूस आडवा असताना जितका निरोगी असतो, तितका उभा असताना कधीच नसतो. हे तत्त्व सरकारी आरोग्यसेवेने फार पूर्वी ओळखलं, आणि रक्तदाब मोजण्याआधी रुग्णाला टेबलावर आडवं करण्याची पद्धत पडली. भोकरदन तालुक्यातल्या ज्या आरोग्य केंद्रात १९९८ साली ही पद्धत कळसाला पोचली, त्याचं नाव सांगत नाही. (चांगल्या कर्मचाऱ्यांची उगाच बदली व्हायची.)

बेबीनंदाबाई शेजारच्या गावात दुसरीला शिकवत. वय एकोणतीस. आडव्या असल्या की ठणठणीत. उभ्या राहिल्या की पाच मिनिटांत छाती धडधडायची, डोळ्यांपुढे अंधारी यायची आणि बाई खडूसकट खाली. बसून शिकवू द्यावं, एवढंच त्यांचं मागणं होतं. पण बाई खुर्चीत बसल्या तर तपासणीला आलेल्या साहेबांनी कुठे बसायचं, हा मुख्याध्यापक अप्पारावांचा सवाल बिनतोड होता. (शाळेत खुर्ची एकच होती.) तरी माणूस दयाळू.

"दवाखान्याचा कागद आना बाई, मंग बसा बिनधास्त," ते म्हणाले. "कागद न्हाई, तर नोकरीचं तुमचं तुमी बघा."

पुढच्या चार महिन्यांत बाई सहा वेळा केंद्रात गेल्या. सिस्टर पुष्पाबाई नियमाच्या पक्क्या. केसपेपरच्या खिडकीशी बाई कोसळल्या की सिस्टर धावत येत, त्यांना टेबलावर निजवत, दहा मिनिटं विश्रांती देत आणि पूर्ण बरं वाटल्याची खात्री झाली की मगच दाब मोजत. सहाही वेळा नॉर्मल. इतका एकसारखा निकाल तालुक्यात दुसऱ्या कुठल्याच तक्रारीचा नव्हता.

"सिस्टर, मी उभी असताना मोजा ना," बाई एकदा काकुळतीला येऊन म्हणाल्या.

"उभ्यानं कसं मोजू? चक्कर येऊन राह्यली न तुमाला," सिस्टर म्हणाल्या. "पडा गुमान."

सातव्या वेळी नवे डॉक्टर गयासोद्दीन भेटले. नोकरीत नवे असल्यामुळे त्यांनी रुग्णाचं म्हणणं ऐकून घेतलं. आधी आडवं, मग दहा मिनिटं उभं करून दाब आणि नाडी दोन्ही मोजू, असं ते म्हणाले. अडचण यंत्राची होती. पहिलं यंत्र चोरीला गेल्यापासून दुसरं टेबलाला चार स्क्रूंनी जखडलेलं होतं आणि साठा नोंदवहीत 'टेबलासह' असं चढलेलं. नळी काही उभ्या माणसाच्या दंडापर्यंत पोचेना. स्क्रू काढायची परवानगी जालन्याहून मागवली. सात आठवड्यांनी परवानगी आली, ती टेबल उंच करायची. (विटांची तरतूद नव्हती.) सोळा विटा बाईंनीच आणल्या.

आडवी नाडी ७४ भरली, उभी १२८. बाईंचे ओठ पांढरे पडले, डॉक्टरांनी घाईने त्यांना बसवलं. पण बाईंना रडू आलं ते आनंदाने. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा त्यांचं कुणीतरी खरं मानलं होतं.

"देखो सिस्टर, दिल कैसा भागरा!" डॉक्टर म्हणाले.

"ते भागू द्या," सिस्टर दाखला भरत म्हणाल्या. "दाब बोला."

दाब आडव्याने ११८, उभ्याने ११६. या आजारात दाब जागेवर राहतो आणि नाडी पळते, हे डॉक्टरांनी समजावून सांगितलं. सिस्टरनाही ते पटलं. पण छापील दाखल्यात नाडीचा रकानाच नव्हता. दाबाचा होता, तिथे 'नॉर्मल' लागलं. नाडी डॉक्टरांनी समासात लिहिली, लाल शाईने, सहीनिशी.

अप्पारावांनी दाखला लक्षपूर्वक वाचला. समास असतो तो फायलीला लावण्यासाठी, म्हणून तिथे भोक पाडून त्यांनी दोरा ओवला. (१२८ मधला दोन तेवढा गेला.)

"एकदम नॉर्मल हाय की! ऱ्हावा उभ्या," ते आनंदाने म्हणाले.

बाई तीन आठवडे उभ्या राहिल्या, चार वेळा पडल्या आणि मग राजीनामा देऊन घरी बसल्या. फार वाईट झालं.

सरकारला नावं ठेवायला वाचक आता उतावीळ झाले असतील. जरूर ठेवावीत. फक्त परवा ओट्यापाशी पोळ्या लाटताना घरातली बाई "गरगरतंय" म्हणाली, तेव्हा आपण काय केलं ते आठवावं. "पड जरा," म्हणालात. पाच मिनिटांनी विचारलंत, "कसं वाटतंय?" ती म्हणाली, "बरं." मग "बघ, काही नव्हतं," म्हणालात आणि चहा टाकायला सांगितलंत.